विश्रामबागवाड्यात कार्यालये असावीत का?

धागाकर्ता :
पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने सुमारे दोन लाख रुपये खर्चून १८०७च्या सुमारास बांधून पूर्ण केला. पुढे आलेला सज्जा, त्याखालचे नक्षीकाम आणि सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब पाहिले की पेशवाई अखेरच्या घटका मोजत असतानाही इथल्या सुतारांचा हात किती सफाईदार होता, हे ध्यानात येते. तळमजल्यावर अनेक वर्षे टपाल कार्यालय चालले. माझ्या मते असे कोणतेही कामकाज आता येथे नको. वाडा केवळ पाहण्यासाठी राखावा.

प्रतिसाद १ :
असहमत. पेशवाई बुडाल्यावर १८२१मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज घडले, आणि नंतर नगरपालिकेचा कारभारही येथूनच चालला. माणसांचा राबता होता म्हणून गळका कौल वेळेवर बदलला गेला आणि वाळवी लागलेली तुळई कोणाच्या तरी नजरेस पडली. कुलूप लावलेला लाकडी वाडा पुण्याच्या दोन-चार पावसाळ्यांत कसा खचतो, हे पेठांत राहणाऱ्यांना सांगायला नको.

प्रतिसाद २ :
राबत्याचा हा महिमा मला पटत नाही. १८७९मध्ये वाडा ओस पडलेला नव्हता, तरीही आगीत त्याचा काही भाग जळालाच. वाडा तरला तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून दुरुस्ती झाली म्हणून. १८२८च्या आगीनंतर शनिवारवाडा कोणी पुन्हा उभारला नाही. त्याची जोती आणि तटबंदी तेवढी उरली. तेव्हा खरा प्रश्न वापराचा नसून दुरुस्तीची जबाबदारी कोण घेतो, हा आहे.

प्रतिसाद १ :
जबाबदारी मान्य, पण ज्या वास्तूशी शहराचे रोजचे काम उरत नाही, तिच्यासाठी वर्गणी कोण देणार? त्या वेळी ज्यांनी पैसे दिले, त्यांचा या वाड्याशी काही ना काही संबंध होता.

धागाकर्ता :
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, म्हणून माझी मागणी थोडी आवरती घेतो. तळमजल्यावर लोकांची ये-जा असू द्यावी. पण विजेच्या तारा सागवानी तक्तपोशीला खिळ्यांनी ठोकू नयेत, आणि वरच्या दिवाणखान्यात फाइलींचे एकही कपाट नको.