प्रति: वृत्ताचा प्रश्न कसा काढावा?

वृत्त (अक्षरांच्या ठरलेल्या लघु-गुरू क्रमाचा छंद) ओळखायच्या प्रश्नासाठी इथे मनाच्या श्लोकांतली ओळ सुचवली आहे; ती नको. त्या श्लोकांचं वृत्त मुलांना पाठ असतं, म्हणून लगक्रम (कोणतं अक्षर लघु म्हणजे ऱ्हस्व आणि कोणतं गुरू म्हणजे दीर्घ, हा क्रम) न लावताच ती ‘भुजंगप्रयात’ लिहितात. अनोळखी ओळ द्या. उदाहरणार्थ:

तुझ्या अंगणी सांज झाली निवांत

अक्षरं १२, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) य-य-य-य, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा; वृत्त भुजंगप्रयातच. यात दोन सापळे आहेत. ‘तुझ्या’मध्ये झ्या जोडाक्षर असलं तरी त्याचा आघात (जोर) मागच्या अक्षरावर पडून ते गुरू होत नाही, म्हणून ‘तु’ लघुच. तो गुरू धरला की पहिला गण ‘म’ (तिन्ही गुरू) होतो आणि पुढचं सगळं बरोबर असूनही वृत्त सापडत नाही. शेवटचा ‘त’ लघु, पण चरणान्ती (ओळीच्या शेवटी) असल्याने गुरू मानायचा. गुण मात्र लगक्रमालाही द्या. नुसत्या नावाला दिलेत तर पाठांतरच तपासलं जातं.