मदत हवी आहे: जस्त दिलं की जीन चालू, कॅडमियम दिलं की ढिम्म

पिपेटधारी:
घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. लुसिफरेजच्या (उजेडावरून मोजता येणारा जीन) आधी एमआरईच्या (धातू आला की जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) चार प्रती लावलेलं प्लाझ्मिड (डीएनएची गोल कडी) पेशींत घातलंय. झिंक सल्फेट दिलं की रीडिंग झकास चढतं. कॅडमियम क्लोराईड दिलं की हलत नाही. मेटॅलोथायोनिन (धातू धरून ठेवणारं प्रथिन) चालू करायला कॅडमियम जस्तापेक्षा तगडं, असं जिथे तिथे लिहिलंय. सोमवारी गाईडला आलेख दाखवायचाय. 'गूगल करा' म्हणू नका.

शंकासुर:
पेशी कुठल्या? डोस किती, किती तास? पेशींच्या खाद्यात घातलेलं सीरम कसलं? इथे कुणी मनकवडा नाही.

पिपेटधारी:
हेपजी२ (माणसाच्या यकृताच्या), अजून काय असणार. २५ मायक्रोमोलर, २४ तास. प्लाझ्मिड सीक्वेन्स करून घेतलंय, त्यावर शंका नको.

जुनाजाणता:
२५ आणि तेही २४ तास? पेशी मेल्या असतील रे. आम्ही ५ द्यायचो आणि सात-आठ तासांत काढून घ्यायचो. रेनिलाही (तुलनेसाठी लावलेलं दुसरं लुसिफरेज) पडलंय का?

पिपेटधारी:
५ ला पण तेच. पेशी नीट चिकटलेल्या दिसतात, रेनिला ठीक.

तांब्याची_कळशी:
तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यानेही असे जीन चालू होतात का? आमच्या सासूबाई रोज रात्री भरून ठेवतात.

शंकासुर:
ताई, वेगळा धागा काढा. एवढंच सांगतो, फळमाशीच्या पेशींत मेटॅलोथायोनिनचा प्रोमोटर (जीन चालू करणारा भाग) कॉपर सल्फेटने चालू करतात, प्रयोगशाळेत रोजचंच आहे. सासूबाईंबद्दल माहिती नाही.

एनआरएफभक्त:
एमआरईच्या नादी कशाला लागता? कॅडमियम म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण. एआरई (अशा ताणात जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) लावा, हीम ऑक्सिजनेज-१ (अशा ताणात चालू होणारा जीन) चा प्रोमोटर घ्या, रीडिंग हमखास मिळेल.

कणादपुत्र:
त्याने हीम ऑक्सिजनेज विचारलंय कुठे? @पिपेटधारी, कॅडमियम स्वतः एमटीएफ-१ (एमआरईला धरून जीन चालू करणारं प्रथिन) ला चालू करत नाही. त्या प्रथिनात सहा झिंक फिंगर आहेत. त्यांत जस्त बसलं की ते एमआरईचा टीजीसी-आर-सी-एन-सी हा गाभा धरतं (आर म्हणजे ए किंवा जी, एन म्हणजे काहीही). मेटॅलोथायोनिनच्या एका रेणूत जस्ताचे सात अणू मावतात. कॅडमियम त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला जस्तापेक्षा घट्ट चिकटतं, त्यामुळे तिथलं जस्त हुसकावलं जातं आणि ते एमटीएफ-१ च्या हाती लागतं. झुरिकमध्ये शाफनर यांच्या गटाने २००३ मध्ये परीक्षानळीत हेच दाखवलं: जस्ताने भरलेलं मेटॅलोथायोनिन सोबत असेल तरच कॅडमियमने ट्रान्सक्रिप्शन (जीनची आरएनए प्रत बनणं) वाढलं. आता सांग, सीरम कसलं? शंकासुरने मघाशीच विचारलं होतं.

पिपेटधारी:
त्यात विचारण्यासारखं काय आहे? चेलेक्समधून (धातू शोषून घेणारी राळ) काढलेलं. बॅकग्राउंड कमी यावं म्हणून. पेशी बरेच दिवस त्यातच वाढवतोय.

कणादपुत्र:
झालं! रिकाम्या कोठारावर धाड घालून धान्य मिळेल का? जस्त आधीच काढून टाकलंस, आता हुसकावणार काय? एका प्लेटला साधं सीरम दे. दुसरीत तुझंच सीरम ठेव, पण आदल्या दिवशी जस्त इतकंच दे की एकट्याने रीडिंग चढणार नाही. मग दोन्हीकडे ५ मायक्रोमोलर कॅडमियम.

जुनाजाणता:
त्यापेक्षा टीपीईएन घाल. जस्त पकडून ठेवेल, सिग्नल पडला की सिद्ध.

कणादपुत्र:
टीपीईएन कॅडमियमही पकडतं. सिग्नल पडल्यावर कुणामुळे पडला ते कसं सांगणार? शिवाय इथे सिग्नल आहेच कुठे पाडायला!

जुनाजाणता:
बरं, टीपीईएन राहू दे. पण पेशीचा स्वतःचा एमटी२ए (मेटॅलोथायोनिनचा एक जीन) क्यूपीसीआरने (जीन किती चालू आहे ते मोजायची पद्धत) बघच. तो चढला आणि लुसिफरेज नाही, तर दोष प्लाझ्मिडकडे. दोन्ही गप्प असतील तर पेशींकडे नाहीतर सीरमकडे.

नदीकाठ:
कॅडमियमवरून आठवलं. जपानमध्ये तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरलं, लोकांची हाडं ठिसूळ झाली. त्या आजाराचं नाव इताई-इताई. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणामुळे झालेला आजार मान्य केला. तंबाखूच्या पानातही कॅडमियम साचतं, विड्या ओढणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

पिपेटधारी:
माझा प्रश्न लुसिफरेजचा होता. साध्या सीरमची प्लेट आज लावतोय. एमटी२ए चे प्रायमर (क्यूपीसीआरला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) पुण्यात कुणाकडे आहेत का? मागवले तर सोमवार हुकेल.

कणादपुत्र:
माझ्याकडे आहेत, व्यनि कर. कुठले तरी उचलून आणू नकोस, एमटी१ ची भावंडं इतकी सारखी आहेत की भलत्याचंच रीडिंग घेऊन बसशील. आणि कॅडमियमचं मीडियम सिंकमध्ये ओतू नकोस, वेगळ्या बाटलीत साठव.