मदत हवी आहे: तांबे-ॲल्युमिनियम-निकेलची ओतीव स्प्रिंग आकार विसरते आणि तुटते

गरम केल्यावर मूळ आकारात परतणाऱ्या (शेप मेमरी) मिश्रधातूची, मेणाचा नमुना वापरून साच्यात ओतलेली कॉम्प्रेशन (दाबून वापरायची) स्प्रिंग आहे. वजनाने सुमारे १३% ॲल्युमिनियम, ४% निकेल, बाकी तांबे. तार ४ मिमी, वेटोळ्याचा सरासरी व्यास ३० मिमी, चालू (प्रत्यक्ष दबणारी) वेटोळी ६. ८५० अंशांवर अर्धा तास ठेवून साध्या पाण्यात क्वेंच करतो (झटकन थंड करतो).

खोलीच्या तापमानाला ती मार्टेन्साइटमध्ये (कमी तापमानाच्या स्फटिकरचनेत) असते. २० मिमी दाबली (हिशेबाने शिअर स्ट्रेन, म्हणजे पिळामुळे तारेत होणाऱ्या विकृतीचं प्रमाण, ०.५ टक्क्यापेक्षा किंचित कमी) की गरम तेलात पहिल्यांदा पूर्ण उघडते. तिसाव्या फेरीपर्यंत ५ मिमी कायमची बसते, गरम करूनही तेवढी उघडत नाही. ४० मिमी दाबली तर आतल्या बाजूला तडा जातो. तुटलेला भाग खडीसाखरेसारखा चमकतो, म्हणजे तडा ग्रेनच्या (धातूतल्या स्फटिककणांच्या) सीमांवरूनच धावतोय. ग्रेन नुसत्या डोळ्यांना दिसतात, एकेक जवळपास १ मिमीचा. ४ मिमीच्या तारेत मग उरतात किती!

०.५% टायटॅनियम घालून पाहिलं. ग्रेन बारीक झाले, पण रूपांतराचं तापमान (ज्यावर स्फटिकरचना बदलते ते) सरकलं. ॲल्युमिनियम जळून कमी झालं असतं तर ते वर जायला हवं होतं, इथे खाली आलंय. क्वेंचनंतर लगेच १०० अंशांच्या पाण्यात ठेवूनही बसणं थांबलं नाही.

व्हॅक्यूम भट्टी नाही, त्यामुळे निकेल-टायटॅनियम सुचवू नका. हा मिश्रधातू ठिसूळ, तार ओढून वळवणंही जमणार नाही.

ट्रेनिंग (आकार लक्षात ठेवायला शिकवणं) कायम वजन टांगून गरम-थंड फेऱ्यांनी द्यावं की ठरावीक दाबावर, आणि ओतीव ग्रेनला शिअर स्ट्रेनची मर्यादा किती धरावी?