ग्लास आधी नाकापाशी न्या: सोलापूरकरांचे क्राफ्ट बिअरचे अनुभव

गेल्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. सगळं आवरल्यावर भाचा म्हणाला, "मामा, चला, आज तुम्हाला वेगळी बिअर पाजतो," आणि कल्याणीनगरला 'टॉइट'मध्ये, म्हणजे जागेवरच क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या मायक्रोब्रुअरीत घेऊन गेला. माझं वय सत्तेचाळीस. तोपर्यंत बिअर म्हणजे विजापूर रोडची परमिट रूम, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि वेटरला पहिलं वाक्य, "सगळ्यात गार असेल ती आण." स्ट्राँग की माइल्ड एवढीच निवड. चवीबद्दल कुणी काही विचारायचं नाही, कुणी सांगायचंही नाही.

तिथं समोर छोट्या ग्लासांची पट्टी आली. एक बासमती तांदूळ घालून केलेली फिकट सोनेरी, एक ताकासारखी गढूळ, एक काळीभोर. सवयीनं पहिला ग्लास एका दमात रिकामा करणार तेवढ्यात भाच्यानं हात धरला. "आधी वास घ्या की." काळ्या ग्लासातून कॉफीचा आणि खरपूस भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता. आत कॉफी नव्हती आणि शेंगदाणेही नव्हते. जव म्हणजे आपला सातू, तो काळा होईस्तोवर भाजला की असा वास सुटतो.

त्या रात्री आनंद झाला तसं वाईटही वाटलं. वीस-बावीस वर्षं एक गोष्ट पीत होतो आणि ती कशाची असते हे कधी विचारलं नव्हतं. पाणी, मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि ते आंबवणारं यीस्ट, एवढ्यात सगळा खेळ आहे. बव्हेरियात १५१६ साली तसा कायदाच केला होता: जव, हॉप्स आणि पाणी, चौथं काही घालायचं नाही. यीस्टचं काम तेव्हा कुणाला उलगडलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव त्यात नाही.

आणखी एक कळलं. बर्फासारखी गार बिअर जीभ बधिर करते. गव्हाची किंवा काळी बिअर जरा कमी गार, आठ-दहा डिग्रीवर आली, की खुलते. आपल्या उन्हात हे पटणं अवघड आहे, पण करून बघा.

तुम्ही कुठं, काय प्यायलात, काय आवडलं, काय फसलं, सोबत काय खाल्लं, ते या धाग्यावर आपापल्या टोपणनावानं सविस्तर लिहा. बिअरला आपल्या राज्यात २१ वर्षांची अट आहे आणि परवाना लागतो, हे धरूनच लिहा. पिऊन गाडी चालवल्याचे किस्से मात्र इथं नकोत. मला त्यात कौतुक वाटत नाही.

होटगी रोड

माझी सुरुवात २०१० ची. पुण्यात शेवटच्या वर्षाला होतो, बाविसावं लागलं होतं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००९ ला, कोरिंथियन्स हॉटेलमध्ये 'डूलाली' ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली होती. आम्ही चौघांनी पैसे जमवून रिक्षा केली. गव्हाची बिअर मागवली, जर्मन नाव हेफेवायझन. पहिल्या घोटाला पिकलेलं केळं आणि मागाहून लवंग. मी भांडायच्या सुरात म्हणालो, "यात इसेन्स टाकलाय." तिथला ब्रूअर शांतपणे येऊन बसला आणि सांगितलं, की केळं, लवंग काही नाही, हे सगळं यीस्टचं काम आहे. या जातीचं यीस्ट आंबवताना जे पदार्थ तयार करतं, त्यातला एक केळ्यात असतो आणि दुसऱ्याला लवंगेसारखा वास असतो. टाकी थोडी उबदार ठेवली की केळं वाढतं.

मग त्यानं एल आणि लागर हे बिअरचे दोन प्रकार समजावले. एलचं यीस्ट वीस डिग्रीच्या आसपास, वरच्या बाजूला काम करतं, आठवड्याभरात बरंच उरकतं. लागरचं दहा-बारा डिग्रीत तळाशी, संथ, आणि मग कित्येक आठवडे थंडीत मुरतं. आपण लहानपणापासून बाटलीत बघितली ती बहुतेक लागर.

सोलापूरला आलो आणि मित्रांना उत्साहानं सांगितलं. एकजण म्हणाला, "काय करूलालास बे, बिअर पितोस का केळ्याचं शिकरण?" आता तोच दर दोन महिन्यांनी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातो आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत येतो. मध्ये दुपारचं जेवण आणि दोन ग्लास. मला ही पद्धत फार आवडते. गाडीचा प्रश्न नाही आणि ट्रेन चुकायला नको म्हणून प्रमाणही राहतं.

उद्यान एक्स्प्रेस

मी बंगळुरात नोकरीला. इंदिरानगरच्या टॉइटमध्ये, जे २०१० पासून आहे, आम्ही ऑफिसच्या सहाजणी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की आमच्याकडे कुणी बघत नव्हतं. सोलापुरात फॅमिली सेक्शनचा पडदा सरकवून बसायची सवय. इथं वेटरनं मला विचारलं, "कडू चालेल की फळासारखी हवी?" मला विचारलं, सोबतच्या पुरुषाला नाही. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते.

पण खरी गोष्ट पुढची आहे. मागच्या मे महिन्यात दादाने बिरा कंपनीच्या व्हाइट बिअरचे कॅन आणले. गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही दोघं बसलो. आई वर आली, तोंड वाकडं करून. तिनं आयुष्यात कधी घेतली नाही, घेणारही नाही. मी म्हटलं, पिऊ नकोस, नुसता वास घे. तिनं ग्लास लांबूनच हुंगला आणि पटकन म्हणाली, "यात धने आहेत गं. आणि संत्र्याची सालं." मी तीन वर्षं व्हाइट बिअर पिते, मला हे वाचल्यावरच कळलं होतं. बेल्जियममध्ये या धाटणीच्या बिअरमध्ये खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. चाळीस वर्षं काळा मसाला भाजणाऱ्या बाईच्या नाकाला कोण शिकवणार! नंतर ती अर्धा तास आमच्यासोबत बसली, शेंगा चटणी आणि दही कालवून दिलं, कडक भाकरी मोडून ताटलीत ठेवली. बाबा गेल्यापासून आई गच्चीवर अशी निवांत बसलेली मी बघितली नव्हती.

डाईंगवाला

आमचं टॉवेलचं काम. सूत रंगवायचं म्हणजे पाण्याशी रोजचं भांडण. बोअरचं पाणी जड, शेड उठत नाही, पट्टे पडतात, म्हणून सॉफ्टनर लावलाय. त्यामुळे पुण्यात एका ठिकाणी काचेमागच्या टाक्या दिसल्या तेव्हा मी बिअरआधी पाण्याचंच विचारलं. ब्रूअर इतका खूश झाला की पाऊण तास सोडेना.

झेक देशातल्या पिल्झन गावाचं पाणी अगदी हलकं, म्हणून तिथं फिकट, स्वच्छ चवीची पिल्सनर जमली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यात हॉप्सचा कडूपणा ठसठशीत उठतो, म्हणून तिथली पेल एल नावाजली. डब्लिनचं पाणी चुन्याचं, त्याला भाजलेल्या जवाची आंबट बाजू सावरून घेते, म्हणून तिथं काळी बिअर. आज सगळेच आरओ करून लागतील ते क्षार मोजून परत घालतात, पण आधी गावाच्या पाण्यानं बिअर ठरवली. आम्हीही तेच करतो, पाणी आधी कोरं करायचं आणि मग पाहिजे ते घालायचं. माझा धंदा आणि त्याचा धंदा एवढा जवळचा निघेल असं वाटलं नव्हतं.

जुळे सोलापूर

एक फसलेला अनुभव. नाव लिहीत नाही, सोलापूर नाही आणि पुणेही नाही. मोठं चकचकीत ठिकाण, ग्लास तीनशे ऐंशीचा. पेल एल मागवली, तर आंबूस, शिरक्यासारखी. मला वाटलं क्राफ्ट म्हणजे अशीच असावी, आपल्यालाच कळत नाही. मुकाट्यानं संपवली. पुढं कळलं की टाकीपासून नळापर्यंतची नळी वेळेवर धुतली नाही की आत जंतू वाढतात आणि हीच चव येते. मुद्दाम केलेली आंबट बिअरही असते, पण ती यादीत तशी लिहिलेली असते.

तेव्हापासून मी पूर्ण ग्लास सांगण्याआधी घोटभर चाखायला मागतो. चांगल्या ठिकाणी कुणी नाही म्हणत नाही. ओलं पुठ्ठं चावल्यासारखं लागलं तर बिअर जुनी किंवा उन्हात तापलेली. हिरव्या बाटलीतून घाण, उग्र वास आला तर उजेड लागलाय. प्रकाशानं हॉप्समधला कडू घटक तुटतो, तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टेम्पोतून खोकी उतरून दुकानासमोर उन्हात पडलेली मी बघितली आहेत. कॅन घ्या, आणि फ्रिजमध्येच ठेवलेला घ्या.

सावजी

थोडक्यात. सावजी मटण आणि आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, एकत्र करू नका. कडू हॉप्सनं तिखट आणखी भडकतं, डोळ्यातून पाणी आलं. त्याच मटणाला गव्हाची बिअर लागते, तिचा गोडसरपणा तिखटाला कुशीत घेतो. आणि काळ्या स्टाउटसोबत शेंगा पोळी! गूळ, भाजलेले शेंगदाणे, वरून तूप, आणि बिअरचा करपट कडवटपणा. कॅन घरी आणून हे मी संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेवरून आल्यावर खाल्लं. दुसऱ्या कशाशी तुलना करणार नाही.

पूर्व भाग

मला इथं थोडं वेगळं लिहायचंय. आमचं तेलुगू घर, आजोबा यंत्रमागावर. त्यांच्या तोंडून ताडीची वर्णनं ऐकलीत: पहाटे उतरवलेली गोड नीरा, ऊन चढलं की फसफसायला लागते, संध्याकाळी आंबट आणि कडक. कुणी यीस्ट घालत नव्हतं, हवेतलं आणि मडक्यातलंच काम करायचं. पण पुढं ताडीच्या नावावर रसायनं पाजली गेली आणि आमच्या गल्लीतली माणसं गेली. माझे एक काका त्यातच गेले. आमच्या घरात फेस येणाऱ्या कुठल्याही गोष्टीची भीती आहे आणि ती भीती खरी आहे.

मी हैदराबादला ऑफिसच्या लोकांसोबत पहिल्यांदा मायक्रोब्रुअरीत गेलो तेव्हा काचेतून टाक्या दिसत होत्या. कोणतं धान्य, कोणते हॉप्स, किती टक्के अल्कोहोल, सगळं फळ्यावर लिहिलेलं. साडेचार टक्के. मला चवीपेक्षा ते लिहिलेलंच जास्त भावलं. समोरची गोष्ट कशाची आहे हे माणसाला सांगितलं जात होतं. काकांना ते कधीच कुणी सांगितलं नाही. मी एकच ग्लास घेतो, वर्षातून तीन-चारदा, आणि घरी सांगून घेतो.

धागाकर्ता

पूर्व भाग, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. दोनदा वाचलं. एकच ग्लास, घरी सांगून, हे मीही या महिन्यापासून पाळायचं ठरवलंय.

मंगळवेढ्याकडचं कुणी आहे का? भाच्याशी बोलताना सारखं डोक्यात येत होतं, तांदळाची होते, गव्हाची होते, मग आपल्या ज्वारीची का नाही?

मालदांडी

आहे ना. मंगळवेढा, साडेसहा एकर, सगळी मालदांडी जातीची ज्वारी. आमच्या ज्वारीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

ज्वारीची बिअर होते, आणि फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेत मका आणि ज्वारीची उमकोम्बोथी, पश्चिम आफ्रिकेत दोलो. गढूळ, आंबूस, आपल्या आंबिलीच्या जवळची. मी हे वाचलं आणि राहवेना. घरी बिअर करायची नाही, परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, पण मोड आणायला कोण अडवतंय? तीन किलो ज्वारी रात्रभर भिजवली, पोत्यात बांधली, चौथ्या दिवशी बोटभर मोड. उन्हात कडक वाळवली.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम, मोड आणि मुळ्या चोळून, पाखडून काढल्या. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडं पोरालाही माहीत आहे. तेच विष मोडात असतं, म्हणून ते टाकून द्यायचं आणि दाणाच ठेवायचा. आफ्रिकेतल्या बाया हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात. दाणा दाताखाली धरला तर गोड लागला. मोड आणल्यानं पिठाची साखर व्हायला लागते ती हीच.

डबा घेऊन पुण्यात एका ब्रूअरकडे गेलो. ओळख ना पाळख, तरी त्यानं बसवून घेतलं, दाणे चावले, डोळे मिटले. म्हणाला, वास सुंदर आहे, पण दोन अडचणी आहेत. जवाचं पीठ साठ-पासष्ट डिग्रीला शिजतं आणि त्याच तापमानाला त्यातले एन्झाइम साखर करतात. ज्वारीचं पीठ त्याहून जास्त तापमानाला शिजतं, तोवर तिचे एन्झाइम मरायला लागतात. दुसरं, जवाला टरफल असतं, गाळताना त्याचीच चाळणी होते. ज्वारीला टरफल नाही, सगळा लगदा बसतो. उपाय त्यानंच सांगितला: ज्वारी आधी वेगळी शिजवून घ्यायची, मग जवाच्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवात मिसळायची. तीस टक्के ज्वारी, बाकी जव. म्हणजे बायको भाकरीच्या पिठाला उकळीचं पाणी घालते, तसंच काहीसं.

निघताना त्यानं विचारलं, हुरड्याचा जो वास असतो तो वाळलेल्या दाण्यात राहतो का? मी म्हटलं, नाही, तो आगटीवरच असतो. म्हणाला, मग मला आगटीवरच बोलवा.

जानेवारीत येतोय तो. सुगीनंतर त्याला वीस किलो माल्ट पाठवायचंय. मोड काढायला आमच्या म्हातारीनं आत्तापासून सूप बाजूला ठेवलंय. कशासाठी ते तिला सांगितलंय. ती म्हणाली, "धान्य चांगलं निवडून द्या त्यांना, खडे नकोत."