मदत हवी आहे : डिझेल इंजिन काढून सौर पंपावर मोसंबीचं ठिबक, हेड किती धरावं?

मंडळी, जालना भागातली ३ एकर मोसंबी, १८ × १८ फुटांवर साधारण ४०० झाडं, काळी जमीन. झाडाला ८ लिटरचे ४ ड्रिपर, म्हणजे सगळी बाग एकदम सोडली तर तासाला १२,८०० लिटर. विहीर ६० फूट, मे महिन्यात पाणी ५० फुटांवर. सध्या ५ एचपीचं डिझेल इंजिन आहे. पंपाची ओढ (खालून पाणी खेचणं) २५ फुटांपुढे जमत नाही म्हणून उन्हाळ्यात ते विहिरीतल्या टप्प्यावर उतरवावं लागतं (धुराचा धोका वेगळाच). वीजजोडणी नाही, सौर योजनेत ५ एचपी बसतो.

हेडचा (पंपाला पाणी एकूण किती मीटर उंच चढवण्याएवढा दाब द्यावा लागेल, त्याचा) हिशोब केलाय: उपसा १५ मीटर, ड्रिपरला १० मीटर, फिल्टर आणि पाइपातली घट ८ मीटर, एकूण ३३. म्हणजे ३० मीटर हेडचा पंप मे महिन्यात कमी पडणार. शिवाय ऊन उतरलं की पंपाचे फेरे कमी होतात आणि हेड फेऱ्यांच्या वर्गाने घटतं. ८०% फेऱ्यांवर ५० मीटरचा पंप ३२ मीटरच देतो. म्हणून ५० मीटरचा घ्यायचं जवळपास ठरलंय.

अडचण पुढे आहे. सकाळी नऊच्या आत नि चारनंतर दाब टिकावा म्हणून बागेचे दोन व्हॉल्व्ह करून एका वेळी अर्धीच बाग सोडली, तर दुपारी अर्ध्या बागेवर दाब वाढून लॅटरलचे (ड्रिपर असलेल्या बारीक नळ्यांचे) जोड निसटायची भीती. बॅटरी नको, टाकी बांधायला जागा नाही.

तर, जास्तीचं पाणी बायपासने परत विहिरीत सोडावं, की सबमेनवर (लॅटरलना पाणी देणाऱ्या पाइपावर) दाब नियंत्रक व्हॉल्व्ह लावावा? नियंत्रक लावल्यावर कोणाचा सौर पंपाचा कंट्रोलर ट्रिप होतो (आपोआप बंद पडतो) का?