चावणाऱ्या पोराला क्लास?

खवट_मावशी:
काल इथे एकीने विचारलं, "मुलगा साडेतीन वर्षांचा, खेळणं मागितलं की चावतो. शनिवारी भावनिक कौशल्यांचा क्लास असतो, घालू का?" खाली सगळ्यांचं एकच, घाल घाल! अगं, शब्द पुरत नाहीत म्हणून चावतो तो. खाली खेळायला सोड. आम्ही वाड्यात लिमलेटची गोळी फ्रॉकच्या घेरात धरून चिमणीच्या दाताने फोडायचो नि तिघींत वाटायचो. धाकटं कुणी आलं तर कच्चा लिंबू. झालं शिक्षण.

लेकुरवाळी:
खाली पार्किंग आहे मावशी. चेंडू गाडीला लागला की सेक्रेटरी वर येतात. वाडा कुठून आणू?

जिन्याखालची:
कच्च्या लिंबाचं कौतुक नको. मी तीन वर्षं कच्चा लिंबू होते. एकदा लपाछपीत जिन्याखाली लपले. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, मग शोधायचं कशाला? दिवेलागणीला आजी हाका मारत आली, तोवर बाकीचे जेवायला बसलेसुद्धा होते.

खवट_मावशी:
मग? काय बिघडलं तुझं?

जिन्याखालची:
हेच! रडणाऱ्याला "काय बिघडलं" विचारायचं, एवढंच शिकवलं तुमच्या वाड्याने.

निवृत्त_मास्तर:
भांडू नका. तीन वर्षांच्या पोराला नियम पेलत नाहीत, पण कडेला राहून ते बघतं. कच्चा लिंबू त्यासाठीच. मात्र मोठ्यांपैकी कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. आणि शिकवण्याचंच वावडं कशाला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली.

खवट_मावशी:
ताराबाई शनिवारचे पैसे घेत नव्हत्या.

आकडेमोड्या:
क्लासवाले मार्शमॅलोच्या, म्हणजे त्या मऊ मिठाईच्या, प्रयोगाचा व्हिडिओ दाखवतात ना? आत्ता एक खा, नाहीतर थांब आणि दोन घे. थांबणारी पोरं पुढे हुशार निघतात म्हणे. २०१८ साली जास्त मुलं घेऊन तपासलं, घरची परिस्थिती हिशेबात धरली, तर तो संबंध बराचसा विरला. उद्या लाडू उरेल याची खात्री नसेल तर पोर आजच खाणार.

जिन्याखालची:
लाडू राहू द्या. शोधायला का आलं नाही, ते सांगा.

लेकुरवाळी:
तुमचा जिना संपेना! ती चावणाऱ्याची आई मीच. आज मावशींचं ऐकून दुसऱ्या सोसायटीच्या बागेत नेला. चावला नाही. ढकललं. प्रगती समजू?

खवट_मावशी:
समज. ढकलायच्या आत हात धर आणि त्याच्या वतीने तूच म्हण, "माझं झालं की देतो." रोज म्हण, कंटाळा येईपर्यंत. महिन्याभरात तो स्वतः म्हणेल, नाही म्हणाला तर लाव तुझा क्लास, मी काही बोलणार नाही.

निवृत्त_मास्तर:
हे शेवटचं कुणी लिहून ठेवा रे.

जिन्याखालची:
मावशी, तुमच्या वाड्यात कच्चा लिंबू कोण होतं?

खवट_मावशी:
धाकटी बहीण. आणि हो, तीसुद्धा अजून ऐकवते. पुरे आता.