माझ्या व्हॅनने एचओएचं काय घोडं मारलंय?

शिडीवाला
परवा सदाफुली यांनी एचओएबद्दल (म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) लिहिलं होतं: "एचओएत घर घेतलं की नियम पाळावेत. गल्लीत प्लंबर, एसीवाल्यांच्या व्हॅन उभ्या राहिल्या की ती वस्ती राहत नाही, वर्कशॉप होतं. ज्यांना जमत नाही त्यांनी एचओए नसलेल्या भागात जावं." खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो. आज एका घराच्या अटिकमधून (छताखालच्या माळ्यावरून) घामाने निथळत उतरलो आणि म्हटलं, आता लिहायचंच.

तो एसीवाला मी. फ्लोरिडात टॅम्पाच्या उत्तरेला राहतो. आधी बारा वर्षं आयटीत होतो, नोकरी गेली, हे काम शिकलो, लायसन्स काढलं. पांढरी व्हॅन, टपावर शिडी, दोन्ही बाजूंना नाव आणि फोन नंबर. ऑगस्टमध्ये रात्री साडेदहाला फोन येतो, "घरात ८८ डिग्री (फॅरनहाइट) झालंय, आई ऐंशी वर्षांची आहे." गाडी दारात असली तर वीस मिनिटांत पोचतो. चार मैलांवरच्या स्टोरेज यार्डात असली तर आधी यार्डाचं फाटक उघडायचा कोड आठवायचा.

२०२१ मध्ये घर घेतलं आणि चार महिन्यांत एचओएचं पहिलं पत्र. सोबत फोटो. पहाटेचा, ड्राइव्हवे (गॅरेजसमोरची गाडीची जागा) ओला, माझ्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला. म्हणजे मी चहा करत होतो तेव्हा कुणीतरी समोर उभं राहून फोटो काढत होतं. तक्रार काय, तर 'व्यावसायिक अक्षरं दिसणारं वाहन'. नीट वाचा. वाहनाचं दुखणं नाही, अक्षरांचं आहे. समोरच्याचा पिकअप माझ्या व्हॅनपेक्षा रुंद आहे, वर बोट ओढायचा हुक. त्याला पत्र नाही, कारण त्यावर काही लिहिलेलं नाही.

मग एचओएच्या बोर्डानेच तोडगा सुचवला: अक्षरांवर मॅग्नेटचे पांढरे पत्रे लावा. तीन वर्षं लावले. रोज संध्याकाळी सहा पत्रे, सकाळी काढायचे. दवाने ते असे चिकटतात की नखाने सोडवावे लागतात. खाली वाळू अडकून अक्षरं खरवडली गेली, फोन नंबरातला ८ आता ३ सारखा दिसतो. एकदा घाईत काढायचेच राहिले. कोरी पांढरी व्हॅन घेऊन दिवसभर फिरलो, एका बाईंनी दारच उघडलं नाही.

१ जुलै २०२४ पासून फ्लोरिडात एचबी १२०३ हा कायदा लागू झालाय. कामाची गाडी स्वतःच्या ड्राइव्हवेत लावायला एचओए बंदी घालू शकत नाही, तिच्यावर नाव-चिन्ह काहीही असो. अट एवढीच की ती कायद्याच्या व्याख्येतली 'कमर्शियल मोटर व्हेइकल' नसावी, म्हणजे २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त, नाहीतर तीन आस. माझी व्हॅन शिडीसकट भरून १०,००० च्या आत. पत्रे गॅरेजच्या कोपऱ्यात टाकले. आणि गेल्या महिन्यात परत पत्र: "आमचे नियम २०२४ च्या आधीचे आहेत."

आता बोला.

हिशेबतपासनीस
मी बोलतो. मी दुसऱ्या एका काउंटीत एचओए बोर्डाचा खजिनदार आहे. पगार शून्य, शिव्या भरपूर.

घर घेताना तुम्ही त्या कागदांवर सही केलीत ना? शंभर पानं असतात, कुणी वाचत नाही, मान्य. पण 'मी वाचलं नाही' हा बचाव तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला देईल तेव्हा चालेल का? फोटो बोर्डातलं कुणी काढत नाही. तक्रार शेजारी करतो. तुम्हाला दिवाळीला फराळ मागतो ना, तोच.

आणि एवढंच खुपत असेल तर सभेला या. आमच्याकडे २१० घरं. कोरम ३० टक्के, म्हणजे ६३. गेल्या वार्षिक सभेला आले अकरा. त्यात पाच बोर्डाचे आणि एक जण कुकीजसाठी. नियम बदलायला माणसं नाहीत, नियमांवर रडायला सगळी कॉलनी.

कायद्याबद्दल: तुमच्या मूळ करारात 'वेळोवेळी होणाऱ्या दुरुस्त्यांसह' कायदा लागू, अशा अर्थाचे शब्द असतील तर बोर्डाला फारसं काही म्हणता येणार नाही. ते नसतील तर जुन्या कराराला नवा कायदा लागतो का, या वादाच्या फीवर वकिलांची मुलं कॉलेजात जातात.

शिडीवाला
शब्द आहेत. तिसऱ्या पानावर. पिवळा मार्कर मारून फोटो पाठवलाय बोर्डाला, सकाळी सहा वाजताच काढलेला.

निशिगंध
दुसरी बाजूही ऐका. मी ह्यूस्टनजवळ राहते. आमच्या शेजाऱ्याची आधी एकच व्हॅन होती. कुणी काही बोललं नाही, बिचारा कष्ट करतोय म्हणून. वर्षात चार झाल्या. पहाटे पाचला पोरं जमायची, डिझेल इंजिनं घुरघुरत ठेवायची, आणि रिव्हर्स घेताना ते पीं-पीं-पीं. माझी खोली त्या बाजूला. नाइट शिफ्ट करून झोपणाऱ्या नर्सला विचारा वर्कशॉप म्हणजे काय ते. शिडीवाल्यांची एक व्हॅन ठीक, पण रेघ कुठे ओढायची ते सांगा.

शिडीवाला
रेघ आवाजावर ओढा, गाड्यांच्या संख्येवर ओढा, धंद्याची माणसं घरी जमवण्यावर ओढा. मी सही करतो. माझ्या नावाच्या अक्षरांना आवाज नाही.

लनाईवाली
अक्षरांचं सोडा, आम्हाला कपड्यांवरून पत्र आलं! सासूबाई भारतातून आल्यात. ड्रायरमधून काढलेली साडी त्यांना 'भाजलेली' वाटते. मागच्या अंगणात दोरी बांधली. आठवड्यात पत्र: 'मंजुरी न घेतलेलं बांधकाम'. दोरी! बांधकाम! मी काही म्हटलं नाही, दोरी सोडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांच्या ट्रॅम्पोलीनवर धुतलेलं धोतर पसरून कुरडया घातल्या.

तळटीप
लनाईवाली, दोरी परत बांधा. फ्लोरिडात कलम १६३.०४ आहे. सोलर पॅनेल आणि कपडे वाळवायची दोरी एकाच वाक्यात आहेत, कारण दोन्ही सूर्यावर चालतात. एचओएला त्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. हे कलम मला मिळालं तेव्हा मी प्रिंट काढून देवघराशेजारी चिकटवलं होतं.

निशिगंध
ट्रॅम्पोलीनवर कुरडया?? वाळल्या का? खालून हवा लागत असेल, उलट लवकर व्हायला हव्यात.

लनाईवाली
पाऊस नसेल तर होतील हो. इथे दुपारी तीनला रोजचा पाऊस. एक वाजता घालायच्या आणि अडीचला दोघींनी धोतराची टोकं धरून पळायचं.

उंबरठा
मी एकदा गाडीच्या डॅशबोर्डवर सांडगे वाळवले होते. ड्राइव्हवेत उभ्या गाडीत, म्हणजे विषयाला धरूनच आहे. काचा बंद, ऊन फिनिक्सचं, दीड दिवसात खडखडीत. गाडीला मात्र पुढचे दोन महिने हिंगाचा वास.

हिशेबतपासनीस
पार्किंगवर चर्चा चालू होती ना?

उंबरठा
गाडी पार्कच केलेली होती, काका.

तळटीप
बरं, मुद्द्यावर येतो. लोक आडून बोलतायत म्हणून मी सरळ विचारतो. सदाफुली, तुम्हाला गल्लीत व्हॅन नको आहे की व्हॅनमधून उतरणारा मराठी माणूस नको आहे? कोटवाला टेस्लातून उतरला की 'आपला माणूस', गणवेशातला उतरला की वस्तीचा भाव पडतो. गणपतीत अनोळखी माणसाशी आपलं पहिलं वाक्य 'कुठल्या कंपनीत?' असतंच की.

सदाफुली
तळटीप, तोंड सांभाळून. माझे वडील गिरणीत होते. बॉयलरपाशी आयुष्य काढलं. हातकामाचा मान मला शिकवायची तुमची लायकी नाही. मी एवढंच म्हटलं की आम्ही कर्ज काढून, दर महिन्याला एचओएची वर्गणी भरून ही गल्ली घेतली ती तिच्या शांतपणासाठी. उद्या व्हॅन, परवा फूड ट्रक, तेरवा बोट.

शिडीवाला
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. मनापासून. पण त्यांना कुणी सांगितलं असतं की चाळीत शिरताना कामाचे कपडे पिशवीत लपवा, शेजाऱ्यांना बरं वाटत नाही, तर? ते सहा पत्रे म्हणजे तेच होते. माझी पाच वर्षांची मुलगी संध्याकाळी पत्रे धरायला यायची. एकदा विचारलं, "बाबा, आपलं नाव रात्री का झाकायचं?"

सदाफुली
मुलांना मध्ये आणायचं म्हणजे वाद जिंकायचा सोपा रस्ता.

तळटीप
वडिलांना कुणी आणलं आधी?

कठडा
जरा थंड घ्या सगळे. आणि कॉन्डोवाल्यांनी (इमारतीतल्या फ्लॅटवाल्यांनी) उगाच पेढे वाटू नयेत. एचबी १२०३ हे फ्लोरिडाच्या कायद्यातल्या प्रकरण ७२० मधल्या एचओएसाठी. कॉन्डो प्रकरण ७१८ मध्ये येतात, तिथे हा नियम लागत नाही. मी कॉन्डोत राहतो, टॅक्सीचा स्टिकर रोज काढतो. शिवाय वाक्यात 'ड्राइव्हवे' आहे, 'रस्ता' नाही. रस्त्याच्या कडेला लावणाऱ्यांनी आधी ते वाचावं.

हिशेबतपासनीस
कठडा यांनी काम सोपं केलं. दंडाचंही सांगून टाकतो, म्हणजे मला खलनायक करता येणार नाही. दंड आधी १४ दिवसांची नोटीस देऊनच. मग वेगळ्या समितीपुढे सुनावणी. समितीत किमान तीन सभासद, त्यात बोर्डाचे पदाधिकारी किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक चालत नाहीत. साधारण दिवसाला १०० डॉलर, कागदांत वेगळं काही नसेल तर कमाल १,०००. समितीने नाही म्हटलं तर बोर्डाने कितीही आपटलं तरी दंड लागत नाही. शिडीवाले, सुनावणी मागितलीत का?

शिडीवाला
नाही. २०२१ मध्ये माहीतच नव्हतं. ३०० डॉलर भरले आणि पत्रे विकत आणले. पत्र्यांचे वेगळे १४०.

हिशेबतपासनीस
मग त्यात बोर्डाइतकीच तुमचीही चूक.

शिडीवाला
असेल. चूक माझी, पत्रे माझे, ओरखडे माझे.

उंबरठा
त्या ८ चा ३ झालेल्या नंबराचा खरा मालक कोण असेल? त्याला रात्री साडेदहाला फोन येत असतील, 'घरात ८८ डिग्री झालंय' म्हणून.

पायवाट
सगळं वाचलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो. आम्हाला अक्षरांशी देणंघेणं नाही. पण आमच्या गल्लीत अशीच एक लांब व्हॅन ड्राइव्हवेतून फुटपाथवर येते. रोज तिथे पोचलं की खुर्ची उलटी फिरवून मागच्या ड्राइव्हवेच्या उतारावरून रस्त्यावर उतरायचं, गाड्या बघायच्या, पुढच्या उतारावरून वर चढवायचं. व्हॅनवाला चांगला माणूस आहे, नाताळात मुलाला खेळणं देतो. त्याला दिसतच नाही. शिडीवाले, तुमचा ड्राइव्हवे किती लांब आहे?

शिडीवाला
गॅरेजच्या दारापासून फुटपाथपर्यंत २० फूट असावा. व्हॅन २२. पण मी अगदी दाराला चिकटवून लावतो. शिडी दाराच्या वर जाते.

पायवाट
२० वजा २२.

हिशेबतपासनीस
फुटपाथवर गाडी उभी करणं फ्लोरिडाच्या वाहतूक कायद्यातच बंद आहे. त्यासाठी एचओएची गरजही नाही. शेरीफ पुरेसा आहे. हा मुद्दा मी सुरुवातीलाच मांडायला हवा होता, कुरडयांनी घोळ केला.

लनाईवाली
कुरडयांचं नाव घ्यायचं नाही. दोरी परत बांधली, तळटीप यांचं कलम छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिलाच चिमट्याने लावलंय. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. वाचता येत नाही, पण बोट ठेवून दाखवतात.

सदाफुली
पायवाट, तुमचं पटलं. मी हेच म्हणत होते.

तळटीप
तुम्ही हे अजिबात म्हणत नव्हतात. पण असू दे.

निशिगंध
मूळ प्रश्न काय होता ते कुणाला आठवतंय का?

शिडीवाला
टेप घेऊन आत्ताच बाहेर जाऊन आलो. ड्राइव्हवे २० नाही, २१ फूट १ इंच निघाला. व्हॅन ११ इंच फुटपाथवर. गॅरेजमध्ये दाराला लागून जुना फ्रीज आहे. तो हलवला तर दार उघडं ठेवून व्हॅनचं नाक फूटभर आत जाईल, शिडी पुढच्या आडव्या दांडीवरून मागे सरकवावी लागेल. फ्रीज शनिवारी काढतो. बोर्डाच्या पत्राला उत्तर मात्र उद्याच जाणार, सुनावणीची मागणी करून. पायवाट, सॉरी.